२.५ डेस्कटॉप संगणकाची साठवणक्षमता वाढविणे

संगणकातील जागा संपली म्हणजे जुनी हार्ड डिस्क काढावीच लागते असे नाही. डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये बहुधा दुसऱ्या डिस्कसाठी जागा असते. मदरबोर्डावर साटा पोर्ट मोकळे आहे काय, हे आधी पाहावे. संगणक बंद करून विजेची जोडणी काढावी व डिस्क स्क्रूने घट्ट बसवावी. ७ पिनांची डेटा केबल मदरबोर्डाला आणि १५ पिनांची वीजपुरवठ्याची केबल डिस्कला जोडावी.

नवी डिस्क लगेच दिसली नाही, तर ती सदोष समजू नये. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये तिची प्राथमिक सिद्धता, विभाजन व फॉरमॅटिंग करावे लागते. २ टेराबाइटपेक्षा मोठ्या डिस्कसाठी ‘जीपीटी’ पद्धती निवडावी. जुन्या ‘एमबीआर’ पद्धतीत सामान्यतः त्यापुढील जागा वापरता येत नाही. फॉरमॅट करण्यापूर्वी डिस्कचा क्रमांक व आकार पुन्हा पडताळावा. चुकीची डिस्क निवडल्यास तिच्यातील फाइली हातच्या जातील.

मात्र जागा वाढली म्हणजे सुरक्षितता वाढली असे नव्हे. तुमचा प्रकल्प-अहवाल नव्या डिस्कवर हलविला, तर प्रत एकच राहते. तो दोन्ही डिस्कवर ठेवला, तरच एक निकामी झाल्यावर तुमचे श्रम वाचतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न : फाइल ‘हलविणे’ आणि तिची ‘प्रत ठेवणे’ यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.