बाजार खुला झाला, पण वर कोण चढलं?

सरकारी अर्थव्यवस्था सोडून एखादा देश बाजाराकडे वळला, की वर कोण चढतं आणि खाली कोण घसरतं? 'ज्याच्या अंगात कर्तृत्व, तो वर' हे उत्तर पटकन सुचतं. रशियाच्या उदाहरणावर ते तपासून पाहू.

2 जानेवारी 1992 रोजी रशियन सरकारनं बहुतेक किमतींवरचं नियंत्रण उठवलं. त्या एका वर्षात किमती साधारण 26 पट झाल्या. इंजिनिअर, शिक्षक, लष्करी अधिकारी यांची आयुष्यभराची बचत सरकारी बँकेत होती. ती मातीमोल झाली. शिक्षण तेच, हुद्दा तोच, पण पगार महिनोन्महिने अडकलेले. शिकलेली माणसं रस्त्यावर कपडे विकू लागली. 1990 मध्ये पुरुषांचं सरासरी आयुर्मान सुमारे 64 वर्षं होतं. 1994 मध्ये ते 58 च्याही खाली गेलं.

मग सरकारी कारखाने कोणाचे झाले? कागदोपत्री सगळ्यांचे. ऑक्टोबर 1992 पासून प्रत्येक नागरिकाला, अगदी लहान मुलांनाही, 10,000 रूबलचं व्हाउचर मिळालं. ते देऊन शेअर घ्यायचे. पण घरात चूल पेटायची पंचाईत असेल, तर माणूस व्हाउचर जपेल की विकेल? अनेकांनी मिळेल त्या भावात विकलं. कारखान्याची खरी किंमत ज्यांना ठाऊक होती, त्यांनी ते गोळा केलं.

1995 मध्ये सरकारनं कर्ज घेऊन मोठ्या कंपन्यांचे शेअर तारण ठेवले. युकोस ही तेल कंपनी मेनातेप बँकेच्या गटाकडे गेली, आणि तो लिलाव चालवत होती मेनातेप बँकच! बँकेचे प्रमुख मिखाईल खोदोरकोव्स्की पूर्वी कम्युनिस्ट युवक संघटनेचे पदाधिकारी होते.

म्हणजे शर्यत सर्वांना खुली होती, पण सगळे एकाच रेषेवरून धावले नाहीत. ओळखी, आतली माहिती, सहीचा अधिकार यांचा नव्या बाजारात पैसा झाला. पदवीचा आणि बचतीचा झाला नाही.

मग दोष बाजाराचाच का? तसंही नाही. पोलंडनं 1990 मध्येच किमती मोकळ्या केल्या, पण मोठे कारखाने सावकाश विकले आणि छोट्या उद्योगांना वाट दिली. तिथं विषमता रशियाइतकी वाढली नाही.

म्हणून सरकारी मालमत्ता कुठंही विकायला निघाली, की दोन प्रश्न विचारा. लिलाव कोण चालवतंय? आणि आपला वाटा न विकता थांबण्याइतकं बळ सामान्य माणसात आहे का?