ऊन का लागते?

मे महिन्यात आपल्या वाशिम जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तरी आपले अंग ३७ अंशांच्या आसपासच राहते. ते कसे?

माठ पाझरतो, ते पाणी वाऱ्याने उडते, म्हणून आतले पाणी गार होते. घामाचंही तसंच आहे. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. पण अंगातले पाणी आटले की घाम पुरत नाही. अंग तापते, चक्कर येते. ४० अंशांवर गेले की माणूस बरळतो, बेशुद्ध पडतो. जीवही जातो.

माझी आई उन्हाळ्यात धसकटे वेचायला जाते. म्हणून मी हे पाठच केलंय : माणसाला सावलीत न्या, अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला, १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका.

पालकहो, तहान लागण्याआधीच पाणी प्या आणि काम सकाळीच उरका!