पाण्याखालची पाऊण घटका

आमच्या घराण्यात पोहता येणारा माणूस आजवर झाला नाही, आणि मीही ती परंपरा निष्ठेने चालवली आहे. लहानपणी वडिलांनी एकदा तलावावर नेले होते. त्या दिवशी पोटात गेलेल्या पाण्याची चव अजून आठवते. त्यामुळे गेल्या डिसेंबरात मालवणच्या धक्क्यावर उभे राहून आमचे पंधरा वर्षांचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपण खाली जाऊ या," तेव्हा 'खाली' म्हणजे समुद्राच्या तळाशी, हे ध्यानात यायला मला थोडा वेळ लागला. ध्यानात आले तेव्हा मायलेकांचे संगनमत झालेले होते.

पूर्वी मालवणला जायचे ते घरी, नाहीतर देवाला. मुंबईहून बोटीने निघावे, वाटेत ओकाऱ्या काढाव्यात आणि पडावातून किनाऱ्याला लागावे, असा तो खाक्या. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. आता रात्री गाडीत बसलेला माणूस सकाळी कुडाळला उतरतो आणि तासाभरात मालवणच्या बाजारात खाज्याचा पुडा बांधून घेत असतो. सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ सालीच जाहीर झाला होता. पण समुद्र हा नुसता पाहण्याचा नसून आत शिरून अनुभवण्याचा आहे, हे आपल्या लोकांना अलीकडेच पटले. तारकर्ली-देवबागच्या वाळूवर आज जा. छत्रीला टांगून आकाशात उडणारे, केळ्याच्या आकाराच्या रबरी होडीवरून मुद्दाम पाण्यात पडणारे आणि पडल्याबद्दल पैसे मोजणारे लोक तुम्हाला दिसतील. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूच्या बेटाला तर लोकांनी 'त्सुनामी आयलंड' असे भारदस्त नाव दिले आहे.

या सगळ्या गमतीजमतींत खरी मौज पाणबुडीच्या खेळाची, म्हणजे स्कूबाची. मालवणजवळच्या समुद्रात प्रवाळ आहेत. किनाऱ्यालगतचे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले ते त्यांच्यासाठीच. पावसाळ्यातला गाळ खाली बसला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथले पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असते.

पहिल्या दिवशी आम्ही ज्या होडीत चढलो तिचे नाव मी सांगत नाही. दहाजणांच्या जागी अठराजण कोंबले होते, आणि अंगात घालायची जाकिटे एका कोपऱ्यात ढीग करून ठेवली होती. "पाच मिनटांचा तर काम, कशाक व्हयी?" असे उत्तर मिळाले. आमच्या सौभाग्यवतींनी चिरंजीवांचा दंड धरला आणि दोघे खाली उतरली. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. चिरंजीव संध्याकाळपर्यंत आमच्याशी बोलले नाहीत. पण २४ मे २०२२ रोजी याच तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक दगावले होते. हंगाम तेव्हा अगदी संपत आला होता आणि समुद्र खवळू लागला होता. मेच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत हे सारे खेळ बंद ठेवतात ते उगाच नव्हे. जुन्या बोटीसुद्धा पावसाच्या तोंडावर बंद होतच असत.

दुसऱ्या दिवशी एक गाबिताचा मुलगा भेटला. वय पंचविशीचे, रंग उन्हाने भाजलेला. त्याने पैशांच्या आधी प्रश्न विचारले. दमा आहे का? सर्दी झाली आहे का? कान फुटला होता का? मग गुडघाभर पाण्यात तासभर शिकवणी झाली. तेहतीस फूट खाली गेले की पाण्याचा दाब वरच्या हवेच्या दाबाइतका आणखी वाढतो. म्हणून थोडे खाली गेल्यावर नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचे, म्हणजे कान मोकळे होतात. आणि सर्वांत मोठा नियम, श्वास कधीही कोंडून धरायचा नाही. खाली दाबलेली हवा वर येताना फुगते, आणि कोंडून धरली तर फुप्फुसाला इजा करते. पाण्यात पडलेला माणूस आधी श्वासच कोंडतो, म्हणून हे घोकून घ्यावे लागते. डुबकीनंतर निदान एक दिवस विमानात बसायचे नाही, हेही त्याने बजावले.

होडी सिंधुदुर्गाच्या अंगाने गेली. कुरटे बेटावरचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात बांधायला घेतला. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तोही आहे. मला मात्र त्या घडीला इतिहास सुचत नव्हता. सौभाग्यवती आणि चिरंजीव पाठीवर हवेचे नळकांडे बांधून होडीच्या काठावर बसली होती. प्रत्येकाबरोबर एकेक पाणबुड्या. "घाबरूचा नाय हां काकानू," असे मला सांगून (भीती कुणाला वाटते आहे हे त्याने बरोबर ओळखले होते) तो मुलगा मागच्या मागे पाण्यात पडला. मग तीही पडली.

उरले ते बुडबुडे. मी घड्याळ हातात धरले. तीन मिनिटे. सात मिनिटे. बुडबुड्यांचा एक पुंजका दुसऱ्यापासून लांब गेला की माझा जीव खालीवर होई. संसाराची पंचवीस वर्षे मी कधी इतक्या बारकाईने कुणाच्या श्वासांकडे पाहिले नव्हते. अठरा मिनिटे झाली, म्हणजे आपल्या जुन्या मापाने पाऊण घटका. मग डोकी वर आली. सौभाग्यवतींचा चेहरा मी लग्नातही इतका खुललेला पाहिला नसेल.

परत येताना त्या मुलाने तक्रार केली ती आपल्याच धंद्यातल्या लोकांची. फोटोत मासे जमावेत म्हणून काहीजण पाण्यात पाव आणि बिस्किटे टाकतात. नांगर खुशाल प्रवाळावर सोडतात. गिऱ्हाईकही घाबरले की पहिला पाय प्रवाळावर रोवते. तो दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे; जी फांदी एका पायाखाली मोडते ती पुन्हा उभी राहायला वर्षे लागतात. त्यात समुद्राचे पाणी तापू लागले की प्रवाळ पांढरे पडतात, ते दुखणे निराळेच. सरकारने नौदलातून २०२४ साली निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका निवतीजवळच्या समुद्रात बुडवून तिच्याभोवती नवे प्रवाळ वाढवण्याची योजना हाती घेतली आहे. चांगली गोष्ट आहे. पण पाव टाकणे बंद करायला नौका बुडवावी लागत नाही.

अभयारण्याचे नाव काढताच मात्र तो गप्प झाला. जाळे टाकण्यावर बंधने येतील या धास्तीने इथल्या मच्छीमारांनी त्याला पहिल्यापासून विरोध केला आहे. त्याचे वडील रापणीला जाणारे. मुलाचा हा उद्योग त्यांना पसंत नाही. "पाण्यात उतरूचा आणि रित्या हातान वर येवचा, ह्या कसला काम?" असे ते विचारतात म्हणे. घरात पैसे येतात ते मात्र या कामाचे. रापणीला मासळी पूर्वीसारखी लागत नाही.

किनाऱ्यावर ते म्हातारबाबा जाळे विणत बसलेच होते. सौभाग्यवतींना राहवेना. त्यांच्याशेजारी वाळूत बसून त्यांनी पाहिलेल्या एकेका माशाचे वर्णन सुरू केले, आणि म्हातारबाबा हात न थांबवता प्रत्येकाचे मालवणी नाव सांगत गेले. शेवटी त्यांनी तो पिवळा, अंगावर काळे उभे पट्टे असलेला, अगदी चष्म्यासमोर येऊन थांबलेला मासा वर्णिला. तसला देखणा जीव आपण जन्मात पाहिला नाही, असेही म्हणाल्या.

म्हातारबाबांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"तो?" ते म्हणाले. "तो खावक बरो नाय."