करुणा आणि कर्तव्य

पुरात घरदार गमावलेल्या एका मुलाचे छायाचित्र पाहिले की मन कळवळते आणि मदतीचा हात पुढे होतो. तीच आपत्ती केवळ आकड्यांतून समोर आली, तर वाचणारा पान उलटून पुढे जातो. मग सदाचाराचा पाया कोणता, हृदयातील कळवळा की विचारांती पत्करलेले कर्तव्य? नीतिशास्त्र आणि धर्मचिंतन या दोहोंत हा प्रश्न शतकानुशतके चर्चिला गेला आहे.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७३९-४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ ट्रीटाइज ऑफ ह्यूमन नेचर' या ग्रंथात भावनेच्या बाजूने कौल दिला. बुद्धी वाट दाखवते, पण चालण्याची प्रेरणा भावनाच देते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र सहानुभूती आप्तांकडे झुकते, हेही त्यांनी जाणले होते. म्हणूनच नैतिक निवाडा स्वतःपुरता न पाहता व्यापक दृष्टीने करावा लागतो, असे त्यांनी म्हटले.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ मध्ये वेगळी भूमिका मांडली. स्वतःच्या दुःखाने ग्रासलेल्या, इतरांविषयी काहीच न वाटणाऱ्या माणसाने केवळ कर्तव्य म्हणून मदत केली, तर त्या कृतीला खरे नैतिक मूल्य आहे, असे ते म्हणतात. तथापि, १७९७ च्या ग्रंथात त्यांनीच करुणेची जोपासना हे एक अप्रत्यक्ष कर्तव्य मानले. गरिबांच्या वस्त्या आणि रुग्णांच्या खोल्या टाळू नयेत, असा त्यांचा आग्रह होता.

भारतीय परंपरेतही हा पेच आढळतो. भगवद्गीतेच्या आरंभी स्वजनांना पाहून अर्जुन कृपेने व्याकूळ होतो, तेव्हा श्रीकृष्ण त्या अवस्थेचा निषेध करतात. बाराव्या अध्यायात मात्र मैत्री आणि करुणा ही प्रिय भक्ताची लक्षणे ठरतात. हा विरोधाभास वरवरचा आहे. अर्जुनाचा शोक 'माझ्या' माणसांसाठी आहे; भक्ताची करुणा भूतमात्रांसाठी आहे.

बौद्ध आचार्य बुद्धघोष यांनी पाचव्या शतकातील 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात याहून सूक्ष्म भेद केला. क्रौर्य हा करुणेचा दूरचा शत्रू, तर शोक हा जवळचा. कारण तो करुणेसारखाच दिसतो. दुसऱ्याच्या दुःखाने स्वतःच खचून जाणारा माणूस त्याला आधार देऊ शकत नाही. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना म्हणूनच साधनेने वाढवायच्या असतात. यातील उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे, तर समतोल चित्त.

एवढ्या भिन्न परंपरा एका मुद्द्यावर जवळ येतात. भावनेला हद्दपार करून नीती उभी राहत नाही. पण तिला शिस्त लावली नाही, तर ती नजरेसमोरच्या माणसापाशीच थांबते. छायाचित्रातल्या मुलासाठी दाटून येणारा कळवळा खराच असतो. छायाचित्रात नसलेल्या मुलांपर्यंत तो पोहोचवणे, हे मात्र विचाराचे काम आहे.