स्पेनचं बेट निवडताय? आधी महिना ठरवा!

मायोर्का, मेनोर्का, इबिझा ही भूमध्य समुद्रातली बेटं. जून ते सप्टेंबर झकास, पण डिसेंबरात किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं चक्क बंद. थंडीत ऊन हवं असेल तर सरळ कॅनरी बेटं गाठा, मोरोक्कोसमोर अटलांटिकमध्ये. जानेवारीतही दुपारी २० अंशांच्या आसपास. पाणी मात्र १८-१९ अंश, आपल्याला गारच!

आता खरी गोम. कॅनरीतल्या तेनेरीफे बेटाच्या मधोमध ३,७१५ मीटर उंच तेइदे ज्वालामुखी उभा आहे. ईशान्येचे व्यापारी वारे ढग आणतात, ते उत्तर उतारावर अडतात. म्हणून उत्तर हिरवीगार नि ढगाळ, दक्षिण कोरडी नि लख्ख. कोकण आणि घाटामागचा देश, तसंच! स्वस्त मिळतंय म्हणून उत्तरेला हॉटेल घेऊ नका. लोस क्रिस्तियानोस किंवा कोस्ता आदेखे बघा.

तिथली मूळ वाळू काळपट, ज्वालामुखीची. लास तेरेसितास किनाऱ्याची सोनेरी वाळू तर १९७०च्या दशकात सहारातून जहाजाने आणून ओतलेली! लांबलचक फिक्या वाळूचे किनारे हवेत तर कॅनरीतलंच फुएर्तेव्हेंतुरा बेट. वारा मात्र टोपी उडवणारा.

शेंगेन व्हिसा भूमध्यातली बेटं नि कॅनरी, दोन्हीकडे चालतो. कॅनरीत घड्याळ माद्रिदपेक्षा तासभर मागे, परतीचं विमान बदलायचं असेल तर ध्यानात ठेवा.