रेकॉर्डचं लाल बटण

व्हीएचएस कॅसेटच्या पाठीवर एका टोकाला नखाएवढी प्लास्टिकची पट्टी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. लग्नाच्या कॅसेटची पट्टी शूटिंगवाला स्वतःच मोडून देई, म्हणजे घरातल्या पोरांनी सप्तपदीवर क्रिकेटची मॅच चढवायला नको. टीव्हीवरून घेतलेल्या कॅसेटची पट्टी मात्र जपली जायची. कोरी कॅसेट महाग, त्यामुळे पुढच्या रविवारी तिच्यावरच दुसरं काही घ्यायचं असे. पट्टी चुकून मोडलीच, तर खाचेवर सेलोटेप चिकटवली की काम भागे.

मालवण, वेंगुर्ला, कुडाळ या बाजूच्या माळ्यांवर अशा कॅसेटी अजून सापडतात. त्या चालवणारी पेटी बहुधा सापडत नाही, आणि सापडली तरी चालत नाही.

जपानच्या जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस १९७६ साली बाजारात आणलं. सोनीचं बीटामॅक्स त्याच्या एक वर्ष आधीचं. आपल्याकडे १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून फुटून सिंधुदुर्ग जिल्हा झाला, आणि पुढच्याच वर्षी एशियाडच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं. त्यानंतरच्या काही वर्षांत व्हिडीओ कोकणात उतरला तो मुख्यतः चाकरमान्यांच्या सामानातून, मुंबईहून नाहीतर आखातातून. अकाई, नॅशनल, फुनाई ही नावं तेव्हा गावागावांत पाठ होती. गणपतीत, सत्यनारायणाला, बारशाला ‘व्हिडीओ आणणं’ हा कार्यक्रमच असे: भाड्याचा टीव्ही, भाड्याची पेटी, तीन सिनेमे आणि अंगणात उजाडेपर्यंत माणसं.

पण भाड्याने यायचा तो बहुतेकदा व्हीसीपी, म्हणजे नुसता चालवणारा. रेकॉर्ड करणारा व्हीसीआर वेगळा, महाग, आणि गावात असला तर एखाददुसऱ्या घरी. दिसायला दोन्ही सारखेच. फरक एका लाल बटणाचा आणि पेटीच्या पोटातल्या ट्यूनरचा. सगळी गोष्ट त्या फरकाचीच आहे. व्हीसीपीवाला दुकानातून आणलेलं बघायचा. व्हीसीआरवाला हवेतून येणारं पकडून ठेवायचा.

झाकण काढलं की आत तिरका बसवलेला चकचकीत ड्रम दिसतो. कॅसेट आत गेली की दोन खुंट्या टेप बाहेर ओढून त्या ड्रमभोवती लपेटतात. अर्धा इंच रुंदीची टेप सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते, ड्रम मात्र मिनिटाला १,५०० फेरे घेतो, आणि त्याच्यावरची हेडं टेपवर तिरप्या रेघा मारत जातात. एका फेऱ्यात एक पूर्ण चित्र, सेकंदाला अशी २५. टेप इतकी सावकाश जाते म्हणूनच सुमारे २५८ मीटरमध्ये तीन तास मावतात. कॅसेटवर ‘ई-१८०’ लिहिलेलं असे ते हेच, १८० मिनिटं. हेडावर कचऱ्याचा कण बसला तरी पडद्यावर मुंग्या. मग स्पिरिट लावलेला कागद धरून, श्वास रोखून, ड्रम बोटाने हळूच फिरवायचा. ते जमणारा माणूस वाडीत मान मिळवून असे. आणि टेप आत गुरफटली की घरभर एकच ओरड: ‘‘मशीनीन टेप खाल्ल्यान रे!’’

कोकणात या यंत्राचे दोन वैरी होते, हवा आणि वीज. खाऱ्या हवेने बांबूवरच्या अँटेनाचे सांधे वर्षा-दोन वर्षांत पांढरे पडत. डोंगराआडच्या वाडीत चित्र मुळातच मुंग्यांसकट येई, ते रेकॉर्डही तसंच होई. विजेचं दुखणं त्याहून वाईट. टायमर लावून कार्यक्रम घ्यायची सोय व्हीसीआरमध्ये होती, पण वीज थोडा वेळ गेली तरी बऱ्याच पेट्यांचं घड्याळ पुसलं जाई आणि शून्यावर लुकलुकत बसे. पावसाळ्यात सिंधुदुर्गात वीज जाणं ही बातमी नसते. म्हणून इथे टायमरवर कुणी भरवसा ठेवला नाही. माणूस स्वतः पेटीसमोर बसायचा, आणि जाहिरात आली की पॉझ, संपली की पुन्हा सुरू. जाहिरात गाळायच्या या कसरतीत पुढच्या प्रसंगाचा पहिला संवाद हमखास उडायचा. जुन्या घरगुती रेकॉर्डिंगची ही खूणच आहे.

रेकॉर्ड काय करत? ‘रामायण’ सर्वांत आधी. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८, दर रविवारी सकाळी साडेनऊला. रविवारी सकाळी मासळीबाजार गाठायचा की रामायण, असा पेच ज्या घरात पडे तिथे व्हीसीआरची किंमत कळे. मग ‘महाभारत’, मग क्रिकेट, शनिवार-रविवारचे सिनेमे. यातलं पुष्कळसं आज कुठेही मिळतं. २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवलं, तेव्हा कुणाला रेकॉर्ड करायची गरज वाटली नाही. न मिळणारं आहे ते अधलंमधलं: बातम्या, निवडणुकीच्या रात्रीची चर्चा, प्रादेशिक केंद्रावरचे अर्ध्या तासाचे कार्यक्रम, आणि त्या गाळायच्या राहून गेलेल्या जाहिराती. वाहिन्यांनी स्वतःच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्याचे किस्से जगभर आहेत. काही तर मुळात टिपलंच गेलं नाही: १८ जून १९८३ला टनब्रिज वेल्सला कपिल देवने झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा केल्या, तेव्हा तिथे बीबीसीचे कॅमेरे नव्हते. ती खेळी टेपवर नाहीच. उलट फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी १९७९पासून २०१२त मरेपर्यंत घरातल्या व्हीसीआरांवर अमेरिकेच्या बातम्या रात्रंदिवस टिपल्या. कॅसेटी भरल्या सत्तर हजारांच्या आसपास. जिवंतपणी लोकांनी त्यांना विक्षिप्त म्हटलं. मागे राहिलेला साठा आता इंटरनेट अर्काइव्हकडे आहे.

हे सगळं कायदेशीर होतं का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ला पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सांगितलं की, नंतर बघण्यासाठी घरी टीव्ही रेकॉर्ड करणं गैर नाही. आपल्याकडे त्याच वर्षी व्हिडीओ चोरीला आळा घालायला कॉपीराइट कायदा कडक झाला. तरी आजच्या कायद्याचं ३९वं कलम घरच्या माणसाच्या बाजूने आहे: स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपणाचं ध्वनि-चित्रमुद्रण केलं तर प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. म्हणजे कायद्याने दार उघडं ठेवलं. ते बंद केलं तंत्राने.

व्हीसीआरची सगळी करामत त्याच्या ट्यूनरमध्ये होती. अँटेनाची वायर थेट त्याच्यात जाई. एक वाहिनी तो टिपे, त्याच वेळी टीव्हीवर दुसरी बघता येई. डिश आणि सेट-टॉप बॉक्स आल्यावर वाहिनी निवडायचं काम त्या बॉक्सकडे गेलं. व्हीसीआरला मिळू लागलं ते फक्त बॉक्सवर या क्षणी लागलेलं चित्र. ट्यूनर निकामी, टायमर निकामी. पुढे दूरदर्शनचे जुने अॅनलॉग ट्रान्समीटरही २०२२पर्यंत जवळजवळ सगळे बंद झाले, आणि व्हीसीआरला अँटेना लावून पकडण्यासारखं हवेत काही उरलं नाही. फुनाई कंपनीने शेवटचा व्हीसीआर २०१६च्या जुलैमध्ये बनवला. तेव्हा इथे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मधल्या काळात एक चांगली सोय येऊन गेली. २००८ साली टाटा स्कायने हार्डडिस्क असलेला बॉक्स आणला. १६० जीबीची डिस्क, सुमारे ४५ तासांचं रेकॉर्डिंग, चालू कार्यक्रम थांबवून मागे न्यायची मुभा. बघायला मजेचं होतं, ठेवायला कुचकामी. रेकॉर्डिंग कुलूपबंद, डिस्क काढून संगणकाला लावली तर काही दिसत नसे. बॉक्स बिघडला की साठाही गेला. आणि कोकणात आषाढातल्या जोरदार सरीत डिशचं चित्र चौकोन-चौकोन होऊन गोठतं, तसंच ते डिस्कवरही उतरे.

मग मोबाइल आणि ओटीटी. सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६त सुरू झाली, तेव्हा रात्री साडेदहाला इथली घरं टीव्हीपुढे बसत. नाईकांचा वाडा बघायला गाड्या भरून माणसं येत. चुकलेला भाग पुढे फोनवर बघता येऊ लागला, आणि रेकॉर्डिंगचं उरलंसुरलं कारणही संपलं. ज्याला फक्त चुकलेला भाग बघायचा आहे त्याच्यासाठी हा पर्याय व्हीसीआरपेक्षा शंभर पटींनी बरा, यात वाद नाही. पण तिथे जे असतं ते कंपनीच्या मर्जीपर्यंत. करार संपला की सिनेमा यादीतून गुपचूप नाहीसा होतो. ‘डाउनलोड’ म्हणून फोनमध्ये उतरवलेलंसुद्धा काही दिवसांनी आपोआप बंद पडतं. शिवाय खाडीकाठच्या कित्येक वाड्यांत फोन खिडकीत ठेवल्याशिवाय रेंज येत नाही, ते वेगळंच.

माझ्या मते सिंधुदुर्गात स्वतःकडे ठेवण्याच्या या प्रश्नाला खरी धार येते ती दशावतारी नाटकामुळे. दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, आणि संवाद रंगमंचावर जन्मतात. राजा आणि राक्षस यांची जुगलबंदी आज रंगली तशी उद्या रंगेलच असं नाही. हार्मोनियमवाल्याने आणि पखवाजवाल्याने कुठे साथ उचलली यावरही प्रसंग पालटतो. त्यामुळे एका जत्रेतला प्रयोग रेकॉर्ड झाला नाही तर तो कुठेच नसतो. बाबी नालंग, बाबी कलिंगण यांच्यासारख्या दशावतारी कलावंतांची भूमिका पाहिलेली माणसं भरभरून बोलतात. ज्यांनी पाहिली नाही त्यांना दाखवायला हाताशी किती आहे? दूरदर्शनवर कधीमधी तासाभराचा तुकडा लागे तो कुणी घरी टिपलेला, नाहीतर गावातल्या लग्नाच्या शूटिंगवाल्याने देवळासमोर कॅमेरा लावून घेतलेला. नाटक रात्रभर, कॅसेट तीन तासांची; सुरुवातीचा संकासुराचा आड दशावतारच निम्मी टेप खाई आणि ऐन युद्धाच्या वेळी कॅसेट बदलायला लागे.

तेव्हा माळ्यावरच्या कॅसेटी आधी खाली काढा. घाईने मशीनमध्ये घालू नका. खिडकीतून गुंडाळी उजेडात धरून बघा. कडेला पांढुरकी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, आणि ती एक कॅसेट मशीनची हेडं खराब करून पुढच्या दहा कॅसेटींना लागण करते. तसली कॅसेट जाणत्याकडून साफ करून घ्यावी. बाकीच्या एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून उभ्या ठेवाव्यात, पुस्तकं ठेवतात तशा. चालू स्थितीतला व्हीसीआर मिळाला तर त्याच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरी यूएसबी कॅप्चरच्या काडीला जोडून टेप संगणकात उतरवता येते. यात पळवाट नाही: तीन तासांची टेप उतरायला तीन तासच लागतात. म्हणून आधी दशावतार, भजनाची डबलबारी, गावातली माणसं. ‘शोले’ राहू द्या.

आणि आज टीव्हीवरून काही ठेवायचं असेल तर? सगळ्यांत स्वस्त उपाय आपल्या छपरावरच आहे, फक्त तो कुणी वापरत नाही. डीडी फ्री डिश. २००४च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सेवा. महिन्याचे पैसे नाहीत आणि तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्यांना कुलूपही नाही. तिच्या साध्या बॉक्सला पुढे किंवा मागे यूएसबीची खाच असते. बऱ्याच बॉक्समध्ये तिथे पेनड्राइव्ह लावून रिमोटवरचं रेकॉर्डचं बटण दाबलं की चालू वाहिनी त्याच्यावर उतरते, तासाला साधारण एक-दीड जीबी. ती फाइल संगणकात कॉपी होते आणि कुठेही चालते. अडचणी आहेतच. टायमर सगळ्यांत धड चालत नाही, वीज गेली की रेकॉर्डिंग तुटतं, पावसाने चौकोन पडतात, आणि जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. पण सह्याद्री वाहिनीवर कोकणातला एखादा कार्यक्रम लागणार आहे हे आधी कळलं, तर तो स्वतःकडे ठेवायला एवढं पुरतं. खासगी वाहिन्यांच्या महिन्याच्या पॅकवर ही मोकळीक क्वचितच मिळते.

जत्रेतल्या दशावतारी प्रयोगांचं आता यूट्यूबवर पीक आलं आहे. टाळेबंदीत जत्रा थांबल्या तेव्हा मोबाइलवर नाटकं बघायची सवयही लागली. ‘ट्रिकसीन’युक्त नाटकांना हजारोंनी बघणारे मिळतात, मुंबई-पुण्याचा चाकरमानी लोकलमध्ये बसून ऐकतो. मात्र चॅनेल बंद पडलं, किंवा मध्ये वाजलेल्या एखाद्या सिनेमाच्या चालीवर कुणी हक्क सांगितला, की व्हिडीओ गेला. मंडळांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे: नाटक फुकट फोनवर मिळालं तर पुढच्या वर्षी जत्रेला सुपारी कोण देणार? माझं उत्तर साधं आहे. शूटिंग करणाऱ्याने मंडळाच्या मालकाला आधी विचारावं, पूर्ण रात्रीची मूळ फाइल मंडळाला एका डिस्कवर द्यावी, आणि यूट्यूबवर काय, किती आणि कधी चढवायचं ते मालकाने ठरवावं. दुसरी एक डिस्क गावाबाहेर ठेवावी, मुंबईतल्या कुणा चाकरमान्याकडे असली तरी चालेल. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने या किनाऱ्यावरची छपरं उडवली आणि कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात राहिली. एकाच कपाटात ठेवलेल्या साठ्याचं काय होतं, हे समजायला इथे कुणाला संगणक शिकायची गरज नाही.