बावीस अक्षरांची चुगली

दुसऱ्याची किडनी बसवतात ती नेमकी कुठे? जुनीच्या जागी, पाठीशी? छे! पुढून, ओटीपोटात एका बाजूला. जुन्या दोघी बहुतेक वेळा आपापल्या जागी तशाच राहतात. नवी मात्र शरीराच्या लेखी परकी. तिच्यावर हल्ला होऊ नये म्हणून रोज गोळ्या, आणि तरी मनात धाकधूक: आत सगळं ठीक आहे ना?

त्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात. पण ते उशिरा बोंब मारतं, आणि बोंब कशासाठी तेही सांगत नाही. मग सुई घालून किडनीचा बारीकसा तुकडा काढायचा, म्हणजे बायॉप्सी. हीच खबर हातातून काढलेल्या बोटाएवढ्या बाटलीभर रक्तातून मिळाली तर?

या गोष्टीचं मूळ आहे एका मिलिमीटरभर कृमीत! 1993 साली अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना त्यात एक विचित्र जनुक कळलं. प्रथिन वगैरे काही बनवत नाही, नुसता 22 अक्षरांचा आरएनएचा तुकडा सोडतं. हा मायक्रोआरएनए करतो काय? प्रथिन बनवण्याचा निरोप घेऊन दुसरा लांबलचक आरएनए निघालेला असतो. हा त्याच्या जुळत्या अक्षरांना जाऊन चिकटतो, की निरोप तिथेच बारगळला. 'कृमीची काहीतरी गंमत' म्हणून फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 2000 साली असाच दुसरा तुकडा माणसातही सापडला, आणि 2024 मध्ये दोघांना नोबेल!

आता खरी कमाल. आरएनए इतका नाजूक, की प्रयोगशाळेत उघड्या बोटाचा स्पर्शही त्याला पुरतो. आपल्या कातडीवरच त्याला कुरतडणारी विकरं असतात. रक्तातही ती भरपूर. तरी 2008 साली दिसलं, की रक्तद्रव दिवसभर टेबलावर ठेवा, आठ वेळा गोठवून वितळवा, मायक्रोआरएनए जसेच्या तसे! कसे काय? काही चरबीच्या इवल्या बुडबुड्यांत बसून फिरतात, काही एका प्रथिनाच्या कुशीत.

पुढच्याच वर्षी किडनीची पाळी आली. शरीर जिला झिडकारतंय अशा किडनीच्या तुकड्यात 155, 142 आणि 223 क्रमांकाचे मायक्रोआरएनए वाढलेले निघाले. हे तर रोगप्रतिकारक पेशींचे नेहमीचे! चोराने घरात चपला विसराव्यात तसे. तेव्हापासून हीच चुगली रक्तात आणि लघवीत ऐकू येते का, याचा शोध चालू आहे. रोजचा भरवसा मात्र अजून मुख्यतः क्रिएटिनिन आणि बायॉप्सीवर.

अडतंय कुठे? एक अडचण तर अगदी साधी. रक्त काढताना सिरिंज जोरात ओढली, की तांबड्या पेशी फुटतात. एरवी पिवळसर दिसणारा रक्तद्रव गुलाबी होतो, आणि या पेशींच्या पोटात ठासून भरलेला क्रमांक 451 बाहेर सांडतो. सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून किडनीची खबर काढण्याआधी संशोधक 451 किती सांडलाय ते मोजतात, आणि जास्त निघाला तर ती बाटली बाद.